भंगारातला कॅमेरा

दुधनी हे सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यातले गाव. कर्नाटकाची हद्द इथून जवळ आहे. त्यामुळे बाजारात मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही भाषा कानांवर पडतात. अशा गावांतून भंगारवाला फिरतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्याच्या हातगाडीवर बंद पडलेला रेडिओ असतो, काच फुटलेला टीव्ही असतो, हल्ली मोडके मोबाइलही असतात. तो वस्तूचे वजन करतो, चार पैसे हातावर ठेवतो आणि निघून जातो. आपल्या लेखी ती वस्तू तिथेच संपते.

पण हीच वस्तू कलावंताच्या हाती पडली तर तिला दुसरा जन्म मिळतो. चंदीगड शहरात नेकचंद नावाचे सरकारी रस्ते-निरीक्षक होते. त्यांनी फुटक्या बांगड्या, फुटक्या कपबशा, विजेचे टाकाऊ सामान असे काय काय गोळा केले आणि त्यातून माणसांचे व पशुपक्ष्यांचे पुतळे घडवून मोठी बाग उभी केली. कोरियात जन्मलेले कलावंत नाम जून पाइक यांनी जुने रेडिओ आणि टीव्ही एकावर एक रचून यंत्रमानवांचे एक कुटुंबच तयार केले.

महाराष्ट्रात यांच्याही पुष्कळ आधी एक मूर्तिकार होऊन गेला. त्याने जुन्या बाजारातले वापरलेले यंत्र घेतले, ते खोलून त्याचे मर्म ओळखले आणि त्यावरून दुसरेच एक चालते यंत्र घडवले. ते यंत्र म्हणजे सिनेमाचा कॅमेरा आणि तो मूर्तिकार म्हणजे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव हे लोहारकाम आणि सुतारकाम करीत. त्यांचा हात कसबी होता. लोखंड कसे वाकते, लाकूड कोठे चिरते, कानस किती फिरवावी, हे बाबूरावांना शाळेच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही. ते त्यांनी घरातच पाहिले. चित्रे काढण्याचा आणि मूर्ती घडवण्याचा नाद त्यांना लहानपणीच लागला. त्यासाठी ते कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. पाहावे, करून पाहावे, बिघडले तर पुन्हा करावे, हीच त्यांची शाळा.

त्या काळचे कोल्हापूर हे छोटे संस्थान होते. राजर्षी शाहू महाराज गादीवर होते. कुस्ती, गाणे, नाटक, चित्रकला या सर्वांना त्यांचा आश्रय होता. आबालाल रहिमान यांच्यासारखे थोर चित्रकार याच गावात राहून काम करीत होते. अशा गावात हाताला कसब असलेल्या मुलाला कामाची वाण नव्हती.

बाबूरावांना नात्यातले एक थोरले भाऊ होते. त्यांचे नाव आनंदराव. दोघांची जोडी मोठी विलक्षण. दोघेही चित्रकार आणि दोघांनाही यंत्रांचे वेड. त्या काळी संगीत नाटके जोरात चालत. राजवाडा, अरण्य, रस्ता, मंदिर असे देखावे मोठमोठ्या कापडी पडद्यांवर रंगवून ते रंगमंचावर सोडले जात. हे पडदे रंगवण्यात या दोघा भावांचा हात धरणारे फार थोडे होते. केशवराव भोसले यांच्या नाटक मंडळीसाठी त्यांनी पडदे रंगवले. पारशी-गुजराती नाटक मंडळ्यांकडूनही त्यांना बोलावणे येई. लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले. पुढे मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हेच नाव कायमचे झाले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट झळकला. पडद्यावरची चित्रे हलताना पाहून या दोघा भावांना झपाटल्यासारखे झाले. आपण रंगवतो तो पडदा स्थिर असतो, त्यातली नदी वाहत नाही, झाडाचे पान हलत नाही. इथे तर सारेच हलते! आपणही असा चित्रपट काढायचा, असे त्यांनी मनाशी ठरवले. आधी त्यांनी सिनेमाचे खेळ दाखवण्याचा धंदा करून पाहिला. पण दुसऱ्याने काढलेले चित्रपट दाखवून त्यांचे समाधान होईना.

चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा. कॅमेरा विलायतेहून येई आणि त्याची किंमत या दोघांच्या आवाक्याबाहेर होती. कर्ज काढून तो मागवावा, असे दुसऱ्या कुणाला सुचले असते. या लोहाराच्या घरच्या मुलांना मात्र वेगळेच सुचले. आपला कॅमेरा आपणच करायचा!

मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक वापरलेला प्रोजेक्टर मिळवला. प्रोजेक्टर म्हणजे पडद्यावर सिनेमा दाखवण्याचे यंत्र. त्यांनी तो खोलला. एकेक स्क्रू, एकेक चाक बाहेर काढून ठेवले, त्यांचे काम समजून घेतले.

आता तुम्ही विचाराल की, प्रोजेक्टर पाहून कॅमेरा कसा करता येईल? इथेच तर गंमत आहे. ही दोन यंत्रे जुळ्या भावंडांसारखी आहेत. कॅमेऱ्यात प्रकाश बाहेरून आत येतो आणि फिल्मवर चित्र उमटवतो. प्रोजेक्टरमध्ये प्रकाश आतून बाहेर जातो आणि तेच चित्र पडद्यावर टाकतो. मधली करामत दोन्हींत सारखीच असते.

ती करामत अशी. सिनेमाची फिल्म म्हणजे ३५ मिलिमीटर रुंदीची लांबलचक पट्टी. तिच्या दोन्ही कडांना बारीक छिद्रे असतात. एका चित्राला प्रत्येक कडेला चार छिद्रे. ही पट्टी नळाच्या पाण्यासारखी सरळ वाहत गेली, तर चित्र पुसट येते. ती थांबत थांबत पुढे सरकली पाहिजे. म्हणून यंत्रात एक आकडी असते. आकडी छिद्रांत अडकते, पट्टीला एका चित्राइतकी खाली ओढते आणि सोडून देते. पट्टी क्षणभर थांबते. तेवढ्यात भिंगासमोरची झडप उघडते, प्रकाश आत येतो, चित्र उमटते. झडप मिटते आणि आकडी पुन्हा पट्टी ओढते. मूकपटांच्या काळात हे सारे एका सेकंदात साधारण सोळा वेळा घडत असे आणि तेही हाताने मूठ फिरवून. आकडी केसभर चुकली की पडद्यावर चित्र थरथरते. पेटीला सुईच्या टोकाएवढी फट राहिली, तर आत उजेड शिरतो आणि सगळी फिल्म वाया जाते.

असे नाजूक काम दोघे भाऊ साध्या अवजारांनी करीत होते. दिवसा पडदे रंगवायचे आणि उरलेल्या वेळात कॅमेऱ्याच्या मागे लागायचे. चाकाला दात पाडायचे, बसवून पाहायचे, बसले नाही तर कानस लावायची, पुन्हा बसवायचे. भिंग काही ऐरणीवर घडत नाही, ते तयारच मिळवावे लागते. बाकीचे मात्र हातांनी करण्यासारखे होते. बाहेर पहिले महायुद्ध चालू होते. परदेशातून माल येणे अवघड झाले होते. काम रखडत होते, पण थांबले नव्हते.

आणि १९१६ साली आनंदरावांचा मृत्यू झाला.

बाबूराव त्या वेळी अवघे सव्वीस वर्षांचे होते. ज्याच्याबरोबर स्वप्न पाहिले तो भाऊ गेला. समोर कॅमेऱ्याचे सुटे भाग पडलेले. ते उचलून पुन्हा जुन्या बाजारात विकून टाकले असते, तरी त्यांना कुणी नाव ठेवले नसते. बाबूरावांनी तसे केले नाही. त्यांच्या हाताखाली विष्णुपंत दामले हे तरुण शिष्य होते. त्यांचेही डोके यंत्रात चाले. गुरुशिष्यांनी मिळून अर्धे राहिलेले काम पुन्हा हाती घेतले. आणखी दोन वर्षे गेली. १९१८ साली कॅमेरा चालू झाला. मूठ फिरवली की आकडी पट्टी ओढू लागली आणि पट्टीवर स्पष्ट चित्रे उमटू लागली. कोल्हापूरच्या मातीत हाताने घडलेला कॅमेरा असा तयार झाला. फाळक्यांनी आपला कॅमेरा इंग्लंडहून आणला होता. तो आणण्यात काही कमीपणा नव्हता. पण स्वतः कॅमेरा घडवून त्यावर चित्रपट काढणे ही गोष्ट निराळीच.

याच सुमारास ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. भांडवलाचा प्रश्न होताच. कोल्हापूरच्या तानीबाई कागलकर यांनी विश्वासाने पैसे दिले. ज्या काळात सिनेमाला कुणी प्रतिष्ठित धंदा मानत नव्हते, त्या काळात एका बाईने हे धाडस केले, याची नोंद घ्यायला हवी.

कंपनीत दामल्यांच्या जोडीला एस. फत्तेलाल हे चित्रकार होते. सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. ते कागलचे. दामले आणि फत्तेलाल यांची मैत्री इतकी घट्ट होती की, एकाचे नाव घेतले की दुसऱ्याचे आपोआप ओठांवर येई. पुढे १९२० साली शांताराम वणकुद्रे नावाचा तरुणही कंपनीत आला. तेच पुढे व्ही. शांताराम या नावाने प्रसिद्ध झाले. कंपनीत हे माझे काम आणि ते तुझे काम असा भेद नव्हता. नट म्हणून आलेला माणूस सामानही उचलत असे आणि रंगही कालवत असे.

कंपनीचा पहिला गाजलेला चित्रपट ‘सैरंध्री’. तो १९२० साली पुण्यात दाखवला गेला. महाभारतातली गोष्ट आहे. अज्ञातवासात असताना द्रौपदी सैरंध्री नावाने विराट राजाकडे दासी म्हणून राहते. राजाचा मेहुणा कीचक तिला त्रास देतो आणि भीम त्याचा वध करतो. त्या काळी सिनेमात बायकांची कामेही बहुधा पुरुषच करीत. बाबूरावांनी मात्र स्त्रियांची कामे स्त्रियांनाच दिली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी ती केली आणि त्यापायी लोकांचे बोलणे सोसले.

कीचकवधाचा प्रसंग पडद्यावर इतका खरा उतरला की, प्रेक्षक घाबरून गेले. शेवटी तो भाग चित्रपटातून काढून टाकावा लागला. कलावंताच्या कौशल्याची इतकी विचित्र पावती क्वचितच कुणाला मिळाली असेल! लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांचा गौरव केला आणि त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

बाबूरावांच्या चित्रपटांत नवे काय होते? जन्मभर पडदे रंगवलेल्या या माणसाने सिनेमातून रंगवलेला पडदाच काढून टाकला. तोपर्यंत नाटकातल्यासारखाच कापडी देखावा मागे टांगून नटांना पुढे उभे करीत. कॅमेऱ्यापुढे तो पडदा सपाट आणि खोटा दिसे. बाबूराव मूर्तिकार होते. वस्तूला लांबी-रुंदीबरोबर खोलीही असते आणि खोली असली की तिच्यावर सावली पडते, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. त्यांनी खरे खांब, खऱ्या भिंती, दारे, पायऱ्या उभ्या केल्या. माणूस आत शिरू शकेल, वावरू शकेल अशी जागा तयार केली. चित्रण करण्याआधी ते पात्रांचे पोशाख आणि दृश्ये कागदावर रेखाटून घेत. चित्रपटाची मोठी रंगीत जाहिरात-चित्रेही ते स्वतः रंगवीत. १९२३ सालच्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीची लढाई दाखवायची होती, तेव्हा त्यांनी दिव्यांच्या प्रकाशात चित्रण केले. सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या त्या दिवसांत ही नवलाची गोष्ट होती. या चित्रपटात शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली.

देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथा लोकांना आवडत, चित्रपट चालत, पैसाही मिळे. पण १९२५ साली बाबूरावांनी वेगळीच वाट धरली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. त्यात राजा नव्हता, देव नव्हता, चमत्कार नव्हता. एक गरीब शेतकरी कर्जात बुडतो, सावकार त्याची जमीन घेतो आणि तो मुंबईला जाऊन गिरणीत मजूर होतो, एवढीच गोष्ट. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. उजाड झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे, हे त्यातले दृश्य पाहणारे पुढे कितीतरी वर्षे विसरले नाहीत. सोलापूरसारख्या दुष्काळी जिल्ह्यातल्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. जाणकारांनी या चित्रपटाची वाखाणणी केली. सर्वसामान्य प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरवली. घरी जे रोज सोसायचे ते पैसे देऊन कशाला पाहायचे, असे त्यांना वाटले असावे. बाबूरावांना पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांकडे वळावे लागले.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर ही हाताशी तयार झालेली माणसे कंपनी सोडून गेली. त्यांनी ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा पुढे इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. गुरूच्या दृष्टीने हा मोठा आनंद खरा. पण त्यांच्या स्वतःच्या कंपनीचे हातपाय गेले, हेही तितकेच खरे. त्यातच १९३१ साली बोलपट आला. बाबूरावांना तो फारसा रुचला नाही. इतक्या कष्टाने घडवलेली डोळ्यांची भाषा आता बडबडीत हरवून जाईल, असे त्यांना वाटे. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. अधूनमधून त्यांनी काही बोलपट केले. ‘सावकारी पाश’ पुन्हा एकदा, बोलपटाच्या रूपात, १९३६ साली काढला. १९४७ सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनात त्यांचा आणि शांतारामांचा वाटा होता. हे शाहीर रामजोशी आपल्या सोलापूरचे.

पण आता त्यांचे मन रमत होते ते पूर्वीच्याच कामात. ते पुन्हा चित्रे काढू लागले, माती मळू लागले, पुतळे घडवू लागले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा आहे. त्या जागी पूर्वी विल्सन या इंग्रज गव्हर्नरचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत स्वातंत्र्यसैनिकांनी तो विद्रूप केला. १९४५ साली तेथे महाराजांचा पुतळा बसवण्यात आला. तो बाबूरावांनी घडवला. हे काम त्यांनी अवघ्या अठरा दिवसांत पुरे केले, असे कोल्हापुरात सांगतात. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले. लोक त्यांना कलामहर्षी म्हणून ओळखतात.

त्यांच्या मूकपटांचे काय झाले, ते ऐकून वाईट वाटते. त्या काळची फिल्म लवकर पेट घेई, दमट हवेत चिकट होऊन कुजे. शिवाय फिल्मवरच्या थरात चांदी असते. चित्रपट जुना झाला, त्याला प्रेक्षक उरला नाही की पुष्कळ लोक चांदी काढून घेण्यासाठी फिल्म भंगारात देत. भारतात मूकपटांच्या काळात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावेत असे काहीच आज शिल्लक आहेत. १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ आता कुणालाही पाहता येत नाही. ‘सैरंध्री’ही नाही. १९२७ सालच्या ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ या चित्रपटांचे काही तुकडे तेवढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. ज्याने टाकाऊ यंत्रातून कला उभी केली, त्याच्याच कलेला लोकांनी टाकाऊ ठरवले.

कोल्हापुरात खरी कॉर्नर नावाचा भाग आहे. तेथे रस्त्याच्या कडेला एक स्तंभ उभा आहे. त्यावर कुणा राजाचा किंवा पुढाऱ्याचा पुतळा नाही. वर एक जुन्या घडणीचा, तीन पायांवरचा सिनेमाचा कॅमेरा आहे. लोक त्याला कॅमेरा मानस्तंभ म्हणतात. दर वर्षी १ डिसेंबरला, महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आठवणीसाठी, कोल्हापूरचे चित्रपट कलावंत आणि तंत्रज्ञ तेथे जमतात आणि त्या कॅमेऱ्याला हार घालतात.